दाराजवळचं कपाट

माझ्या मावशीला काहीच येत नव्हतं, आणि त्या एका गुणावर तिने सगळी नोकरी निभावली. ही टिंगल नाही. ती स्वतःच सांगायची, तेही मान ताठ करून. "मला गणित कळत नाही, यंत्रं कळत नाहीत, कोणता राजा कुणाचा कोण ते कळत नाही. म्हणून तर माझं दुकान चालतं."

दुकान म्हणजे सार्वजनिक ग्रंथालयातलं एक कपाट. मावशी तिथे पुस्तकांच्या देवघेवीच्या टेबलावर बसायची. ग्रंथपालसाहेब वेगळे, ते आतल्या काचेच्या खोलीत. तळमजल्यावरचा लांबट हॉल, वर विम्याचं ऑफिस, त्यामुळे दिवसभर डोक्यावर खुर्च्या सरकल्याचे आवाज. आत विषयवार रांगा, प्रत्येक पुस्तकाच्या पाठीवर आकडे चिकटवलेले, आणि त्या आकड्यांसमोर चांगला धट्टाकट्टा माणूसही बावचळायचा. ज्याला काय विचारायचं तेच माहीत नाही, तो आत जाऊन शोधणार काय, कपाळ? म्हणून मावशीने भांडून दाराजवळ एक काचेचं कपाट मागून घेतलं होतं. त्याचं एक दार नीट लागायचं नाही, फटीत पुठ्ठ्याची घडी खुपसलेली असायची. कपाटात विषयांची कसली शिस्त नव्हती. ताऱ्यांशेजारी मूतखडा आणि मूतखड्याशेजारी मधमाश्या. नियम एकच. ज्याला त्या विषयातलं ओ की ठो कळत नाही, त्यालाही जे कळेल तेच पुस्तक तिथे.

माणसं यायची आणि दारातच घुटमळायची. कोपऱ्यावरचा सलूनवाला आला होता. जन्मभर लोकांच्या कानांभोवती कात्री फिरवली, आता तो कान आतून ऐकतो कसा ते त्याला बघायचं होतं. एक शिलाईवाली आली. तिची लेक जहाजावर नोकरीला लागली होती आणि आईला समुद्र म्हणजे काय ते समजून घ्यायचं होतं. एका गवंड्याला भूकंप हवा होता. तो हळूच म्हणाला, "अगदी पोरांचं नको हं बाई, आणि फार मोठ्यांचंही नको." मावशी हसली नाही. मला घरी सांगताना म्हणाली, "अनोळखी विषयापुढे माणूस आधीच अंग चोरून उभा असतो गं. त्याला आणखी आकसायला लावू नये."

पुस्तक निवडायची तिची रीत मी अनेकदा पाहिली आहे. ती पहिलं प्रकरण कधीच उघडायची नाही. "पहिलं प्रकरण सगळेच गोड लिहितात. मधाचं बोट लावून आत बोलावतात. माणूस बुडतो तो मध्ये." म्हणून मधलंच एखादं प्रकरण काढायचं, कपाटाला टेकून उभ्याने वाचायचं, पुस्तक मिटायचं आणि शिपायाला हाक मारायची.

शिपाई म्हणजे तिथले जुने शिपाई, तिच्याहून थोडे मोठे. ती त्यांना शिपाईबुवा म्हणायची आणि ते तिला बाई. पुस्तकांनी भरलेल्या हॉलमध्ये जन्म काढून त्या माणसाला वाचनाची काडीची आवड नव्हती, आणि मावशीला तेच हवं होतं. दुपारचा चहा घेऊन ते समोर बसायचे. जे वाचलं ते मावशी आपल्या शब्दांत त्यांना सांगायची. कळत असेल तोवर ते कप हातात धरून ऐकायचे, आणि शेवटी म्हणायचे, "बरं." कळेनासं झालं की कप खाली ठेवायचे. बोलायचे काही नाहीत. कप टेबलावर टेकला की पुस्तक आत परत.

"लिहिणाऱ्याच्याच आडात नाही, तर आपल्या पोहऱ्यात कुठून येणार?" असं म्हणून ती ते बाजूला सारायची. मग लेखक कितीही मोठा असो.

आणि नुसतं सोपं असून भागायचं नाही. हृदयविकारावरचं एक गुळगुळीत पुस्तक तिने परत पाठवलं होतं, कारण त्यात माणसं फक्त बरी होत होती. "काटे काढून द्यावेत," ती म्हणाली, "मासाच काढून घेऊ नये." ग्रंथपालसाहेबांना हे सगळं पोरखेळ वाटायचं. पण हॉलमधून सगळ्यात जास्त पुस्तकं त्या कपाटातून जायची, म्हणून ते तोंड मिटून होते.

आता माझं सांगते. आई गेल्यापासून मी मावशीकडेच राहते. तिचं लग्न झालं नाही, माझं टिकलं नाही, त्यामुळे घरात आम्ही दोघीच. मी चष्म्याच्या दुकानात काम करते. नंबर काढायचा, भिंग घासायचं, फ्रेम नाकावर बसवायची. माझा स्वभाव तापट आहे, हे गिऱ्हाइकांनाही माहीत आहे. मावशीचा तसा नाही. ती चिडली की गप्प बसते आणि कपाट आवरते.

एक दिवस जेवताना ती म्हणाली, "अक्षरं बसत नाहीत गं हल्ली."

मी म्हटलं, नंबर वाढला असेल, ये दुकानात. तिला खुर्चीवर बसवलं, तक्त्यावरचा दिवा लावला. तिने सगळ्या ओळी वाचल्या. अगदी तळाची वाचली, आणि तिच्याखाली छापखान्याचं नाव असतं मुंगीएवढं, तेही वाचलं. मग हातात वाचायचा कागद दिला. त्यावर एक उतारा असतो, विहीर खणणाऱ्या माणसाचा. तिने तो घडाघडा वाचून दाखवला. तिचा आवाज मुळात छान, दुकानातल्या दोन बायका ऐकत राहिल्या.

"काय झालंय तुझ्या डोळ्यांना?" मी म्हटलं. "माझ्यापेक्षा बरं दिसतंय तुला."

"वाचलं ना मी?"

"वाचलंस की."

"मग काय होतं त्यात?"

मला वाटलं गंमत करतेय. "मला काय विचारतेस, तूच वाचलंस."

"वाचलं मी," ती म्हणाली. "काय होतं ते तू सांग."

दुकानात गर्दी होती आणि माझ्याकडे चष्मेच होते, म्हणून मी तिला नवा चष्मा करून दिला. हलकी फ्रेम, चांगलं भिंग. तिने तो घातला, आरशात पाहिलं आणि मला बरं वाटावं म्हणून म्हणाली, "हो, आता स्पष्ट दिसतं." दिसत तर तिला आधीही होतं.

त्यानंतर काही आठवड्यांनी शिपाईबुवा माझ्या दुकानात आले. त्यांना चष्मा नाही आणि ते कधी कुणाच्या दुकानात विनाकारण जात नाहीत. काउंटरपाशी उभे राहिले, एक फ्रेम उचलली, ठेवली.

"बाई कपाट रिकामं करतायत," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"जुनी पुस्तकं. त्यांनीच कधीकाळी ठेवलेली. आता उघडतात, वाचतात, आणि म्हणतात अवघड आहे, आत टाका. काल मधमाश्या गेल्या. परवा तो कान."

सलूनवाल्याचं कानाचं पुस्तक. ते मीसुद्धा वाचलं होतं आणि मला कळलं होतं, यातच काय ते आलं.

"मग तुम्ही काय केलंत?"

"सकाळी लवकर जातो आणि परत कपाटात लावतो. दुपारी त्या पुन्हा काढतात." त्यांनी तीच फ्रेम पुन्हा उचलली. "आणि दुसरी गोष्ट. बाई मला सांगतात ना वाचलेलं, ते हल्ली मला कळत नाही. सुरुवात एका गोष्टीची असते आणि मध्येच दुसरंच काहीतरी. पण मी कप खाली ठेवत नाही. हातात धरून बसतो. चहा गार होऊन जातो."

"कधीपासून?"

"झाले बरेच महिने."

मला त्यांचा राग आला. इतके महिने हा माणूस गार चहा धरून बसला आणि मला सांगितलं नाही. मी तसं बोलूनही दाखवलं, जरा जास्तच. त्यांनी ऐकून घेतलं. "कप ठेवला असता तर त्यांनी पुस्तकाला दोष दिला असता," ते म्हणाले. "आणि एक दिवस तो दोष स्वतःला दिला असता. माझ्याच्याने ते बघवलं नसतं." मावशीचा मोजायचा काटा म्हणजे तिचं स्वतःचं डोकं, आणि तो काटाच हलला होता. तिला मात्र जगातली पुस्तकं अवघड होत चालली आहेत असं वाटत होतं.

डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी तिला घड्याळ काढायला सांगितलं, काही शब्द लक्षात ठेवायला सांगितले, मग तपासण्या केल्या. मोठ्या पडद्यावर मेंदूचं चित्र लावून ते माझ्याशी बोलायला लागले. पेशंटला हळूहळू असं होईल, पेशंटला एकटं सोडू नका, पेशंटशी वाद घालू नका.

"डॉक्टर," मावशी म्हणाली, "मी इथेच बसले आहे."

डॉक्टर ओशाळले. वाईट माणूस नव्हता तो. त्यांनी आजाराचं लांबलचक नाव सांगितलं आणि एक घडीपत्रक दिलं. तेही माझ्याच हातात दिलं.

बाहेर आल्यावर जिन्यात ती थांबली. मला वाटलं आता रडेल. तिने कठडा धरला आणि म्हणाली, "मला यावरचं पुस्तक शोधून दे."

"मावशी, डॉक्टरांना विचारू ना काय ते. मी सांगेन तुला."

"तू सांगशील ते गोड करून सांगशील. मला पुस्तक हवं. या विषयातलं मला काही येत नाही, म्हणजे मी माझ्याच कपाटावर आलेलं गिऱ्हाईक आहे असं समज." मग ती हळू आवाजात म्हणाली, "आणि लवकर बघ. अजून समजतंय तोवर मला समजून घ्यायचंय. नंतर तुम्ही सगळे समजून घ्याल आणि मी नुसती बसलेली असेन."

त्या दिवसापासून माझ्या डोक्याला दुसरा विषय नव्हता. मी पुस्तकांतली नाही. दुकान सुटलं की पुस्तकांची दुकानं पालथी घालायची, जुन्या पुस्तकांच्या टपऱ्यांवर उकिडवं बसून ढीग उपसायचे, आणि मिळेल ते पिशवीत घालून ग्रंथालयात न्यायचं. मावशी घरी तपासायला तयार नव्हती. कसोटी कपाटापाशीच व्हायला हवी, आणि शिपाईबुवा समोर हवेत. त्यांनाही तिने बजावलं, "बुवा, आता खोटं धरून बसायचं नाही. मला माहीत आहे सगळं. गार चहा पिणारे तुम्ही नव्हे." शिपाईबुवांनी मान खाली घातली.

पहिलं पुस्तक डॉक्टर होणाऱ्यांचं होतं. त्यावर कप लगेच टेकला. दुसरं जाडजूड, पण भाषा बरी. मावशीने मधलं प्रकरण काढलं, वाचायला लागली आणि वाचता वाचता तिचा चेहरा बदलला. तिने मलाच मोठ्याने वाचायला लावलं. रुग्णाच्या खोलीचं दार बाहेरून कसं बंद करावं. रुग्ण तेच तेच विचारत असल्यास संयम कसा राखावा. रुग्णामुळे थकलेल्या कुटुंबीयांनी स्वतःची काळजी कशी घ्यावी.

"हे माझ्याबद्दल आहे," मावशी म्हणाली, "पण माझ्याशी बोलत नाही."

तिसरं तसंच. चौथं तसंच. एकात रुग्ण पानोपानी होता, पण कुठल्याच पानावर तो वाचत नव्हता. मला इतका संताप आला की मी ते पुस्तक टेबलावर आपटलं आणि ग्रंथपालसाहेब काचेतून बघायला लागले. एवढे शहाणे, एवढी पुस्तकं, आणि ज्याला आजार झालाय त्यालाही ते वाचावंसं वाटेल हे एकाच्याही डोक्यात येऊ नये? दरम्यान मावशीचं चाललंच होतं. एकदा ती किल्ली हातात घेऊन किल्ली शोधत होती. एकदा मला आईच्या नावाने हाक मारली आणि दुरुस्त केली नाही. मी मनातल्या मनात म्हणत होते, थांब गं जरा, मला एक पुस्तक मिळू दे, मग जा कुठे जायचं तिथे. असं म्हणताना मला स्वतःची लाज वाटायची, आणि रडूही यायचं.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तसं झालं. ग्रंथालयाच्या मागच्या टोकाला मुलांचा विभाग आहे, बुटकी कपाटं आणि बुटक्या खुर्च्या. तिथली पुस्तकं मावशी कधीच तपासायची नाही. "पोरांना माझी गरज नाही. न कळलेलंही ती खुशाल घरी नेतात." एका सुटीच्या दुपारी ती हॉलमध्ये दिसेना, म्हणून मी शोधत मागे गेले. ती एका बुटक्या खुर्चीत बसली होती, गुडघे वर आलेले. का आली ते तिला सांगता येत नव्हतं. तिला उठवताना माझी नजर खालच्या फळीवर गेली. पातळसं, मोठ्या अक्षरांचं पुस्तक, मुखपृष्ठावर एक मुलगी आणि तिचे आजोबा. आजोबांनी बूट हातात घातले होते.

मी ते उचललं. शिपाईबुवांना चहा आणायला सांगितलं.

मावशीने मधून उघडलं. कपाटाला टेकून उभी राहिली, सवयीने. तिला वेळ लागला. एकेका पानावर थांबत होती, परत मागे जात होती. मग पुस्तक मिटलं आणि सांगायला लागली, "माणसाच्या डोक्यात एक गाव असतं. गावात पोस्टमन असतो. पत्रं येत असतात, पोस्टमनही धडधाकट असतो, घरंही जागच्या जागी असतात. पण गल्ल्या बुजायला लागतात. नव्या वस्तीतल्या आधी. मग पोस्टमन पत्र घेऊन नुसता फिरतो, फिरतो आणि दुसऱ्याच कुणाच्या दारात टाकून येतो. म्हणून आजोबांचे बूट हातात." ती थांबली. "म्हणजे मी मठ्ठ होत नाहीये, बुवा. गल्ल्या बुजतायत."

शिपाईबुवांनी कप तोंडाला लावला. गरम होता, वाफ दिसत होती. "बरं," ते म्हणाले. खूप महिन्यांनी खरं म्हणाले.

मला वाटलं झालं एकदाचं. पण मावशीने शेवटचं पान काढलं. त्यात ती मुलगी आजोबांचा हात धरून बागेत फिरायला जाते आणि सूर्य असतो.

"पुढे?" ती म्हणाली.

"पुस्तक संपलं, मावशी."

"पुस्तक संपलं. गल्ल्यांचं काय झालं?"

मी वाकून मागचं पान उलटून पाहिलं. कोरं होतं.

"मासा काढून घेतलाय," ती म्हणाली. रागावली नव्हती, थकली होती. पुस्तक माझ्यापुढे धरलं. "जाड पुस्तकं तू वाचली आहेस सगळी. उरलेलं तू सांग. या पुस्तकाच्या भाषेत सांग. बुवा ऐकतील."

मी आयुष्यात कुणाला काही समजावून सांगितलेलं नाही. गिऱ्हाइकाने दोनदा विचारलं तर माझा आवाज चढतो. पण ती समोर उभी होती, नवा चष्मा लावून, आणि त्या क्षणी तिचं डोकं अगदी स्वच्छ होतं. उद्या असेलच याची खात्री नव्हती. मी सांगायला लागले. म्हटलं, नव्या वस्तीनंतर जुनी वस्ती. एकेक गल्ली. मी राहते ती गल्लीही बुजणार. तू माझ्याकडे बघशील आणि ही बाई कोण असं तुला वाटेल. कधी घाबरशील, मला शिव्या देशील, घरात बसून घरी जायचंय म्हणशील. माझा आवाज फाटायला लागला, पण तिने थांब म्हटलं नाही, म्हणून मी थांबले नाही. मग जेवायचं कसं ते विसरशील. चालायचं कसं ते विसरशील. सगळ्यात शेवटी पोस्टमन स्वतःच कुठेतरी खाली बसेल आणि उठणार नाही. याला औषध नाही. गल्ल्या परत उघडत नाहीत.

वर विम्याच्या ऑफिसात कुणीतरी खुर्ची ओढली. शिपाईबुवांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण कप त्यांनी हातातच धरला होता, दोन्ही हातांनी.

मावशीने त्यांच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"बरं," ती म्हणाली.

थोड्या वेळाने ती म्हणाली, "छान सांगितलंस. तुझ्या आईला कधी जमलं नसतं." मग तिने ते पातळ पुस्तक कपाटात ठेवलं, ताऱ्यांच्या आणि मूतखड्याच्या मध्ये. "इथेच असू दे. कुणी नेलं तर शेवट तू सांगत जा. दुकानातून तुझी सुटी झाली की येत जा."

त्याच महिन्यात तिने नोकरी सोडली. ग्रंथपालसाहेबांनी भाषण वगैरे केलं, हा पोरखेळ बंद करणार नाही म्हणाले, आणि माणूस शब्दाला जागला. तिच्या जागी आलेली मुलगी पुस्तकं वाचून शिपाईबुवांना सांगते, असं ऐकते. त्यांचा कप फार लवकर टेकतो म्हणून ती कुरकुरते. मलाही सुटीच्या दिवशी तिथे बसायची सवय लागली आहे. ते पातळ पुस्तक न्यायला माणसं येतात. कुणाचा नवरा, कुणाची सासू. शिलाईवालीही आली होती. मी त्यांना शेवट सांगते. काही जण ऐकून घेतात, काही मध्येच उठून जातात.

मावशी माझ्याबरोबर असते. दाराजवळच्या खुर्चीत बसते, कधी शांत, कधी नसते. मला ताई म्हणते, कधी मॅडम म्हणते. गेल्या सुटीला ती उठली आणि कपाटापाशी गेली. पुठ्ठा काढून दार उघडलं, फळीवरून हात फिरवला, आणि तेच पुस्तक काढलं. मी जागची हलले नाही. तिने ते मधून उघडलं, टेकून उभी राहिली, बराच वेळ पानं उलटत राहिली. चित्रंच बघत असेल, मला काय माहीत. मग मिटून माझ्याकडे आली.

"हे तुम्हाला हवंय का मॅडम?"

"हो," मी म्हटलं.

"चांगलं आहे. पण शेवट गाळलाय यांनी." तिने माझ्याकडे नीट निरखून पाहिलं, नवीन गिऱ्हाइकाकडे बघायची तसं. "कुणाला झालंय घरात?"

"मावशीला."

"अरेरे." तिने माझ्या दंडावर हात ठेवला. "तिला शेवट सांगा हं. लपवू नका. लोक लपवतात."

"सांगितलाय."

"मग काय म्हणाली?"

शिपाईबुवा टेबलामागून बघत होते. त्यांच्या हातात कप होता.

"बरं म्हणाली," मी म्हटलं.

"मग कळलंय तिला," मावशी म्हणाली. तिने पुस्तक माझ्या हातात दिलं आणि पुठ्ठ्याची घडी घालून कपाटाचं दार नीट लावायला गेली.